‘सेटिंग माऊसनेच बदला’ या सल्ल्याला उत्तर

संगणक शिकणाऱ्यांच्या ग्रुपवर एक सल्ला वारंवार फिरतो: सेटिंग नेहमी माऊसनेच बदला. कारणं सांगतात ती अशी: टाइप करून कमांड दिली की थेट सिस्टीमच्या गाभ्यात हात जातो, बदल मागे घेता येत नाही, रीस्टार्ट केल्यावर तो टिकतही नाही, आणि हे काम मुळात प्रोग्रॅमरचं आहे. हेतू चांगला असेलही, पण या धास्तीमुळे माणसं आपल्याच मशीनची सेटिंग नुसती वाचून पाहायलाही कचरतात. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘थेट गाभ्यात हात जातो.’ खिडकी आणि कमांड बहुतेक वेळा एकाच ठिकाणी लिहितात. लिनक्सवरच्या ग्नोम या डेस्कटॉपमध्ये सेटिंग्जची खिडकी आणि जीसेटिंग्ज ही कमांड, दोन्हींचा बदल डीकॉन्फ या सेटिंगच्या साठ्यातच जातो. विंडोजच्या सेटिंग्जमधले कितीतरी बदल रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यात, उतरतात. रेग ही कमांड तीच रजिस्ट्री वाचते आणि बदलते. जीसेटिंग्ज तर आकड्याच्या जागी शब्द दिला तर नकार देते. रेगला अशी पारख नाही, तिथे जपून राहायला हवं, हे मान्य.

‘बदल मागे घेता येत नाही.’ हा मुद्दा मला सगळ्यात चुकीचा वाटतो, कारण परतीची सोय कमांडपाशीच जास्त आहे. पाच-सहा खिडक्यांत टिचक्या मारल्यावर आधी काय होतं हे कुणाच्या लक्षात राहतं? कमांडने आधी विचारता येतं: जीसेटिंग्ज गेट, मॅकवर डिफॉल्ट्स रीड, विंडोजवर रेग क्वेरी. उत्तर फाइलमध्ये ठेवलं की परतीची वाट तयार. जीसेटिंग्ज रीसेट केलं की मूळ (डिफॉल्ट) किंमत परत येते. रेग एक्स्पोर्टने रजिस्ट्रीची अख्खी फांदी जपता येते. मात्र ती इम्पोर्ट केल्यावर जुन्या किमती परत येतात, मधल्या काळात नव्याने घातलेल्या नोंदी पुसल्या जात नाहीत.

दूरच्या सर्व्हरचं नेटवर्क बदलताना तर हा फरक फार जाणवतो. उबुंटू या लिनक्सवर नेटप्लॅन ट्राय ही नेटवर्कची कमांड दिली की नवी रचना लागू होते आणि १२० सेकंदांत तुम्ही होकार दिला नाही तर जुनी आपोआप परत येते. संपर्क तुटला तरी मशीन हातचं जात नाही. सुडोचे, म्हणजे व्यवस्थापकाच्या अधिकारात कमांड चालवण्याचे, नियम व्हीआयसुडो या कमांडने बदलले तर जतन करण्याआधीच व्याकरण तपासलं जातं. विंडोजच्या पॉवरशेलमधल्या अनेक कमांडना व्हॉटइफ हा पर्याय जोडला की काय होणार ते दिसतं, प्रत्यक्षात काही बदलत नाही.

‘रीस्टार्टनंतर टिकत नाही.’ अर्धसत्य. सिस-सीटीएल या कमांडने लिनक्सच्या कर्नलचा (गाभ्याचा) स्वॅपिनेस, म्हणजे मेमरीतला मजकूर डिस्कवर हलवण्याचा कल, ६० वरून १० केला तर तो पुढच्या रीस्टार्टपर्यंतच राहतो. कायम हवा असेल तर तीच किंमत एटसी या सेटिंगच्या फोल्डरमधल्या सिस-सीटीएल-डॉट-डी फोल्डरच्या फाइलमध्ये लिहायची. फायरवॉलचे नियम बदलणाऱ्या फायरवॉल-सीएमडीचंही तसंच: परमनंट म्हटलं नाही तर बदल तात्पुरता, आणि म्हटलं तर तो रीलोड केल्यावर लागू होतो. उलट होस्टनेम-सीटीएलने मशीनला दिलेलं नाव लगेच कायम होतं. म्हणजे प्रत्येक साधनाचा नियम वेगळा, तो मॅन्युअलमध्ये पाहायचा. आणि तात्पुरतेपणा हा दोष कशाला मानायचा? नवा नियम आधी चालवून बघता येतो, ही मोठी सोय आहे.

‘हे प्रोग्रॅमरचं काम.’ एक ओळ वाचून टाइप करायला प्रोग्रॅमिंग लागत नाही. मित्राला मदत करताना दहा स्क्रीनशॉट पाठवण्यापेक्षा ती ओळ पाठवणं सोपं, आणि नव्या आवृत्तीत खिडकीची मांडणी बदलली तरी ती ओळ बहुधा चालते.

खरा धोका आहे तो न समजलेली ओळ सुडोसकट चिकटवण्यात. त्याचंच भावंड म्हणजे विंडोजवर सेटएक्स या कमांडने पाथ (प्रोग्रॅम कुठल्या फोल्डरांत शोधायचे त्यांची यादी) वाढवणं, जे कितीतरी लेखांत बिनदिक्कत सुचवलेलं असतं. त्यात सिस्टीमचा आणि वापरकर्त्याचा पाथ एकमेकांत मिसळतो आणि १०२४ अक्षरांपुढचा भाग कापला जातो. त्या एका कामासाठी एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्सची खिडकीच वापरा, असं मीही सांगेन.