इंदूरच्या गिरण्या उदारीकरणाने बंद पाडल्या नाहीत

अमेरिकेने 27 ऑगस्ट 2025 पासून कापडासह पुष्कळशा भारतीय मालावर 50 टक्के जादा आयातशुल्क लावले, तेव्हापासून इंदूरच्या मराठी घरांत एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो आहे. त्याचे म्हणणे असे की, 1991 मध्ये सरकारने दारे उघडली, परदेशी कापड आले आणि हुकुमचंद मिलसह इथल्या गिरण्या बुडाल्या. सरकारने त्या ताब्यात घेतल्या असत्या तर त्या वाचल्या असत्या. म्हणून आता तरी आपण आपली दारे लावून घ्यावीत. कामगारांचे हाल या मजकुरात सांगितले आहेत तितकेच, किंबहुना अधिक, झाले. म्हणूनच त्यांचे कारण चुकीचे सांगितले जावे हे मला सहन होत नाही.

पहिला मुद्दा तारखांचा आहे. नवे औद्योगिक धोरण आणि तो गाजलेला अर्थसंकल्प 24 जुलै 1991 रोजी आले, आणि हुकुमचंद मिल 12 डिसेंबर 1991 रोजी बंद पडली. पाच महिनेही न झालेल्या धोरणाने धडधाकट गिरणी मरत नाही. शिवाय परदेशी कापडाला तेव्हा वाट मोकळी झालेलीच नव्हती. ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवरचे परवान्यांचे निर्बंध पुढे दहा वर्षे टिकले आणि जागतिक व्यापार संघटनेतील खटला भारत हरल्यानंतर, 1 एप्रिल 2001 रोजी, त्यांतले उरलेले बहुतेक उठले.

मग गिरण्या कशाने खचल्या? उत्तर आपल्याच राजपत्रांत आहे. 1956 मध्ये सरकारने गिरण्यांच्या मागांची संख्या गोठवली, म्हणजे कापडाला मागणी असूनही मालकाला परवानगीवाचून नवे माग बसवता येईनात. 1964 पासून गिरण्यांवर ठरावीक प्रमाणात नियंत्रित दराचे कापड विणण्याची सक्ती झाली, आणि ते बहुधा तोट्यातच विकावे लागे. कृत्रिम धाग्याचे कापड लोकांना हवेसे वाटू लागले, त्याच काळात त्या धाग्यावर जबर अबकारी कर होता. ही बंधने ज्यांच्यावर तितकीशी नव्हती त्या यंत्रमागांनी, भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीत आणि आपल्या बुऱ्हाणपुरातही, बाजार व्यापला. यंत्रमागवाल्यांचा यात दोष नाही. त्यांनी स्वस्त कापड विणले. दोष आहे तो एकाचे हात बांधून दोघांची शर्यत लावणाऱ्या धोरणाचा.

मालकांनी नफा बाहेर नेला आणि जुनाट यंत्रे बदलली नाहीत, हा आरोप मला अनेक ठिकाणी खरा वाटतो. परंतु औद्योगिक विवाद कायद्याच्या 1976 च्या दुरुस्तीने मोठा कारखाना बंद करायला सरकारची परवानगी लागू लागली आणि 1982 च्या दुरुस्तीने ती अट 100 कामगारांच्या कारखान्यापर्यंत खाली आणली. वाढायलाही परवानगी आणि थांबायलाही परवानगी, अशा धंद्यात नवा पैसा कोण घालील? 1985 च्या आजारी उद्योगांच्या कायद्याने तर घेणेकऱ्यांची वसुली रोखून धरली, त्यामुळे बुडती गिरणी वेळीच विकून कामगारांचे पैसे चुकते करण्याची संधी वर्षानुवर्षे हातची जात राहिली.

सरकारी ताब्याच्या उपायाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही, कारण तो याच शहरात करून झाला आहे. मालवा मिल आणि कल्याणमल मिल राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेल्या, आणि त्याही बंद पडल्या.

सर्वांत जास्त राग यावा अशी गोष्ट मजकुरात नाहीच. हुकुमचंद मिलच्या कामगारांची देणी न्यायालयात अडकली, गिरणीची जमीन कोणाची यावर राज्य शासन आणि महापालिका यांच्यात वाद चालला, आणि 224 कोटी रुपयांच्या वाटपाचा मार्ग 25 डिसेंबर 2023 रोजी मोकळा झाला. म्हणजे 32 वर्षे. या काळात कित्येक कामगार वारले आणि त्यांच्या विधवांनी तारखांना हजेरी लावली. कष्टाची मजुरी ही कामगाराची मालमत्ता आहे, आणि मालमत्तेचे रक्षण हे राज्याचे पहिले काम आहे. मुक्त बाजार मानणारे आम्ही लोक मालकांची बाजू घेतो असे ज्यांना वाटते, त्यांनी हे 32 वर्षांचे प्रकरण जरूर पाहावे.

आता दारे लावून घेण्याविषयी. अमेरिकी शुल्क तिथला आयातदार भरतो आणि तिथला ग्राहक सोसतो. आपल्या निर्यातदाराचे गिऱ्हाईक तुटते, हा आपला तोटा. त्यावर आपणही शुल्क वाढवले तर पहिल्या तोट्यात दुसरा मिळवला जातो. फेब्रुवारी 2021 मध्ये आपण कापसाच्या आयातीवर सुमारे 11 टक्के शुल्क लावले, आणि ऑगस्ट 2025 मध्ये सूतगिरण्या व कपडे शिवणारे अडचणीत येताच ते काही महिन्यांपुरते उठवले. कापूस उत्पादकांना ही सूट झोंबली आणि त्यांचा संताप समजण्यासारखा आहे, कारण भाव चढले की हेच सरकारी तंत्र उलटे फिरते: 5 मार्च 2012 रोजी कापसाची निर्यात एका आदेशाने बंद केली गेली होती. शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी शेतकऱ्यासाठी खुली बाजारपेठ मागत राहिले ते याच अनुभवातून. निर्यातबंदी पुन्हा येणार नाही अशी कायद्याने हमी मिळाली, तर निमाडातल्या कापूस उत्पादकाला आयातशुल्काची भिंत मागण्याचे कारण बरेच कमी होईल.