‘मराठी मजकूर शेवटी बघू’ या म्हणण्याविषयी

वंशभेदावर कोल्हापुरात मराठी-इंग्रजी प्रदर्शन मांडण्याची तयारी आम्ही काही जण करत आहोत, हे कळल्यापासून व्हॉट्सॲपवर एक मजकूर सगळीकडे फिरतो आहे. त्यात म्हटले आहे की वंश हा गोऱ्या-काळ्यांचा, म्हणजे परदेशातला प्रश्न आहे. त्यावरचा अभ्यास इंग्रजीत असल्याने आधी इंग्रजी मजकूर पक्का करावा आणि मराठी भाषांतर शेवटी करून घ्यावे. फलकावर दोन भाषांची गर्दी झाली तर कोणीच काही वाचणार नाही, असे त्याचे म्हणणे आहे. लिहिणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही, पण यातला एकही मुद्दा मला पटत नाही.

प्रश्न परदेशातला असता, तर जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतल्या काळ्या लोकांना दास्यातून सोडवणाऱ्यांना अर्पण केला नसता. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ली यांनी तर इथल्याच माणसांच्या नाकांची लांबी-रुंदी मोजून, त्यावरून जातींची उतरंड शरीरातच दिसते असा दावा केला होता. पुढे इरावती कर्वे बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर या वंशश्रेष्ठत्ववादी प्राध्यापकाच्या हाताखाली कवट्या मोजत होत्या आणि कवटीच्या दोन बाजूंमधल्या फरकाचा वंशाशी संबंध दिसत नाही, असा निष्कर्ष त्यांनी त्याच्याच संस्थेत राहून मांडला. एका मराठी बाईचे हे धैर्य मराठी फलकावर नको, तर कुठे हवे?

भाषांतर शेवटी करण्याचा सल्ला मात्र सर्वांत घातक आहे. आम्ही पुठ्ठ्यावर हाताने लिहून एक कच्चा फलक लावला होता. त्याचे शीर्षक होते, ‘वंश म्हणजे काय?’ एक मावशी तो वाचून बराच वेळ थांबल्या आणि म्हणाल्या, “वंश म्हणजे घराणं की ओ. आमच्या थोरल्याला दोन मुलीच, तर लोक म्हणत्यात वंश बुडाला.” इंग्रजी ‘रेस’ या शब्दाला हे दुखणे नाही. ‘वर्ण’ म्हणावे, तर त्यात कातडीचा रंगही येतो आणि चातुर्वर्ण्यही. ‘वर्णभेद’ वाचून कोणी दक्षिण आफ्रिकेकडे जाईल, तर कोणी मनुस्मृतीकडे. शिवाय १९०२ साली ज्या संस्थानात शाहू महाराजांनी मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या, तिथला माणूस वंशाचे नाव काढताच जातीचा विषय काढणारच, आणि त्याने तो काढायलाच हवा. त्याला उत्तर फलकावरच मिळाले पाहिजे: पंजाबातला ब्राह्मण आणि पंजाबातला अस्पृश्य वंशाने एकच आहेत, जातीची विभागणी ही वंशाची विभागणी नव्हे, असे डॉ. आंबेडकरांनी १९३६ सालीच लिहून ठेवले आहे. जात वंश नाही म्हणून तिचा जाच कमी ठरत नाही, हेही त्याच फलकावर यायला हवे. मावशींच्या त्या वाक्यानंतर आम्ही फलक आधी मराठीत नव्याने लिहिला आणि इंग्रजी मजकूर त्यावरून बदलला. अमेरिकन जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवॉन्टिन यांनी १९७२ साली दाखवले की माणसामाणसांतल्या जनुकीय फरकांपैकी सुमारे ८५ टक्के फरक एकाच लोकसमूहाच्या आत सापडतात. ‘लोकसमूह’ हा शब्द नक्की होईपर्यंत हे वाक्यही आमच्याच्याने धड लिहून झाले नव्हते.

राहिला गर्दीचा मुद्दा. वेलांट्या, उकार आणि मात्रांमुळे देवनागरीला ओळींमध्ये जास्त मोकळी जागा लागते, हे खरे आहे. त्यावर आमचा उपाय मजकूर कमी करण्याचा आहे: प्रत्येक भाषेत साठ शब्द, त्यापुढे एकही नाही. इंग्रजी ठळक आणि मराठी तिच्याखाली बारीक, अशी मांडणी केली, तर नात वरचे उभ्याने वाचते आणि आजीला खालचे वाकून वाचावे लागते. म्हणून दोन्ही मजकूर शेजारी शेजारी, एकाच उंचीवर राहतील आणि मराठी अक्षर इंग्रजीपेक्षा तसूभरही लहान असणार नाही.