गावाला ट्राम हवी, बसचं बघू नंतर

तुमचं नगरपरिषदेत थोडंफार वजन असेल तर फुकटचा सल्ला घ्या. नव्या बसगाड्या मागू नका. बस मागणं म्हणजे दारिद्र्याची कबुली. रत्नागिरीसाठी मागायचीच तर ट्राम मागा. मारुती मंदिर ते जयस्तंभ रूळ पडले, की युरोप काय, भाट्याच्या पुलापलीकडेच.

कोणी मुंबईचं नाव काढेल. तिथे १८७४ मध्ये घोड्यांची ट्राम आली, १९०७ मध्ये विजेची आली आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची गेली. नव्वद वर्षांत गाशा गुंडाळला. सांगा, मुंबईकरांना दम नाही.

खरी मेख रस्त्यात आहे. फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गनं १९९४ मध्ये ट्राम परत आणली, ती मध्यवस्तीतल्या मोटारींना आवर घालून आणि ट्रामला तिची स्वतःची वाट देऊन. तिथे ती भरून वाहते. असला आततायीपणा आपल्याकडे नको. वाट राखून ठेवली तर मासळी घ्यायला आलेल्यानं गाडी लावायची कुठे? रूळ थेट वर्दळीत टाका. पापलेटचा भाव तुटेपर्यंत ट्राम मागे घंटा वाजवत उभी राहील. बस असती तर बाजूनं निघून गेली असती. ट्रामला सुकाणूच नाही, बिचारी जाणार कुठे? तेवढ्यात प्रवासीही उतरून बांगड्यांचा वाटा घेऊन परत चढतील. यालाच अहवालात ‘स्थानिक व्यापाराला चालना’ म्हणतात. शिमग्यात भैरीची पालखी रुळावर आली, की वेळापत्रक देवाच्या स्वाधीन. पावसाळ्यात खाचेत तांबडी माती बसेल, स्कूटरचं चाक अडकेल. त्यासाठी ‘सावकाश जा’ अशी पाटी लावा, भागेल.

खर्चाची धास्ती घेऊ नका. स्कॉटलंडमधल्या एडिनबरात साडेसदतीस कोटी पौंडांचा अंदाज होता, लागले ७७.६ कोटी, वर मार्ग आखडला आणि २०१४ मध्ये ट्राम धावली. म्हणजे रूळ कमी, बिल दुप्पट. ठेकेदारांना हे जरूर वाचून दाखवा. वॉशिंग्टननं जेमतेम चार किलोमीटरसाठी वीस कोटी डॉलरवर खर्च केले, २०१६ मध्ये ट्राम चालू केली, तिकीटही ठेवलं नाही. २०२५ मध्ये महापौरांनी ती बंद करायचं जाहीर केलं. पण फोटो छान आले.

अमेरिकेतलं पोर्टलंड मात्र तोंडपाठ करा. २००१ मध्ये ट्राम आली आणि रुळांच्या कडेनं इमारती उठल्या, हे ठासून सांगा. त्याच भागात जादा मजल्यांची मुभा दिली होती आणि सरकारी पैसाही ओतला होता, हे वाक्य घाईत राहून गेलं तर चालतं. जमीनवाल्यांना तसंही पहिलंच वाक्य ऐकायचं असतं.

एक पथ्य मात्र पाळा. रूळ कुवारबावच्या रेल्वे स्टेशनापर्यंत नेऊ नका. तिथे खरोखरचे प्रवासी असतात, बॅगा-बोचक्यांसकट. उगाच गर्दी होईल.

आणि उद्घाटनाला गावातला तो म्हातारा नक्की बोलवा, जो रोज स्टँडवर ‘वस्तीची गाडी आज येणार ना?’ म्हणून विचारतो. पहिल्या रांगेत बसवा, नारळ हातात द्या. घरी जायला त्यानं रिक्षा करावी. भाडं तेवढं आधी ठरवून घ्यावं.