बारा आठवडे तोंडावर बोट

अभिनंदन! गर्भचाचणीच्या पट्टीवर दुसरी रेघ उमटली. आता पहिलं काम, गप्प बसा. तीन महिने कुणाला सांगायचं नाही असा दंडक आहे, आणि शरीर नेमके हेच तीन महिने बोभाटा करणार आहे.

कालच कळलं म्हणून आज पहिला दिवस असं समजू नका. डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. म्हणजे 40 आठवड्यांपैकी पहिले दोन तुम्ही गरोदर नसतानाच पार पडले. या साऱ्या प्रकरणात मिळणारी सूट तेवढीच.

सहाव्या आठवड्याच्या सुमाराला मळमळ सुरू होते. तिला ‘मॉर्निंग सिकनेस’ म्हणणारा माणूस दुपारी घरी नसावा. लिफ्टमध्ये अत्तरात न्हालेले गृहस्थ शिरले की श्वास रोखा, रुमाल लावा, “सर्दी झालीय” म्हणा. बाथरूममध्ये नळ पूर्ण सोडा, आवाज झाकला जातो. कुणी विचारलंच तर ‘ॲसिडिटी’ हा शब्द तीन महिने पुरतो. पाणीसुद्धा पोटात टिकत नसेल किंवा रक्तस्राव झाला, तर गुपित गेलं खड्ड्यात, डॉक्टरांकडे जा. (एवढं एक वाक्य सरळ अर्थाने घ्या.)

दुपारी तीनला खुर्चीतच डोळे मिटू लागतील. प्रोजेस्टेरॉन नावाचं हार्मोन वाढलेलं असतं, त्याची ती गुंगी. तेच आतड्यांनाही सुस्त करतं, म्हणून पोट साफ होत नाही. लघवीला मात्र दर तासाला. मीटिंगमधून तिसऱ्यांदा उठताना फोन कानाला लावून उठा, माणूस कामाचा वाटतो.

फॉलिक ॲसिडची गोळी, रोज 400 मायक्रोग्रॅम, गर्भ राहण्याच्या महिनाभर आधीपासून घ्यायची असते. बाळाच्या मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर साधारण 28 दिवसांत मिटते, तेव्हा तुम्ही अजून ‘पाळी लांबली वाटतं’ म्हणत असता. असो, आजपासून घ्या.

गुपित फारच जड झालं तर एखाद्या मावशींना सांगा. “आता दोघांचं खा,” म्हणतील. पहिल्या तीन महिन्यांत जादा काहीच खावं लागत नाही, हे त्यांना सांगायच्या फंदात पडू नका. तुमच्या पोटात तसंही एकाचंही टिकत नाहीये.

आणि हे सगळं लपवायचं कशासाठी? बहुतेक गर्भपात पहिल्या 12 आठवड्यांतच होतात म्हणून. तसं झालंच तर तुम्ही आनंदासारखंच दुःखही दार लावून उरकावं, लोकांना अवघडल्यासारखं होऊ नये. निम्म्याहून अधिक वेळा कारण गुणसूत्रांतली चूक असते. पण मावशींना कळलं, तर त्या विचारणार, “काही जड उचललं होतंस का गं?”

तेराव्या-चौदाव्या आठवड्यात बहुतेकींची मळमळ ओसरते, चेहऱ्यावर रंग येतो. आता खुशाल जाहीर करा. लोक तुम्हाला निरखून म्हणतील, “काहीच त्रास झालेला दिसत नाही! नशीबवान आहेस.” गोड हसा. पर्समधली प्लास्टिकची पिशवी मात्र अजून आठवडाभर राहू द्या.