घर पाहावं इटलीत घेऊन

"इटलीत आमचं एक छोटं घर आहे" हे वाक्य मी हल्ली चारचौघांत उच्चारत नाही. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे लगेच सुरूची झाडं, निळा समुद्र आणि हातात वाइनचा ग्लास घेऊन गच्चीत उभा असलेला मी असं चित्र उभं राहतं. त्यातला मी सोडला तर बाकी काहीही खरं नाही. आमचं घर वायव्य इटलीतल्या पिएमोंते प्रांतात, मोनफेर्रातोच्या टेकड्यांत आहे. तिथून समुद्र दिसत नाही, ते सुरूच्या झाडांचं टस्कनी लांब आहे आणि गच्ची नाही. द्राक्षांचे मळे आहेत, पण ते शेजाऱ्यांचे. घराला जे पैसे पडले त्यात कोथरूडला पार्किंगसकट वन बीएचकेही आलं नसतं, हे सांगितलं की लोकांचा चेहरा पडतो. मग ते विचारतात, "पण जाता कसे?"

हा प्रश्न घर घेण्याआधी आम्हाला कोणी विचारला नाही.

आम्ही राहतो जर्मनीत, श्टुटगार्टला. तिथून हे घर साधारण सहाशे किलोमीटर. म्हणजे पुणे-नागपूरपेक्षा कमीच. नकाशाचं ॲप म्हणतं, सात तास. हे ॲप बहुधा फेब्रुवारीतल्या मंगळवारी रात्री दोन वाजता निघत असावं. मुलांच्या शाळा असलेल्या माणसाला तसं निघता येत नाही. आमच्या राज्यात पेंटेकोस्ट या ख्रिस्ती सणाची दोन आठवडे सुट्टी असते आणि त्या सुट्टीच्या पहिल्या शनिवारी अख्खं दक्षिण जर्मनी छतावर सायकली बांधून एकाच दिशेला निघतं. वाटेत स्वित्झर्लंड लागतो.

स्वित्झर्लंडबद्दल मला राग नाही, पण एक गोष्ट सांगतो. तिथल्या हायवेवर जायला 40 फ्रँकचा पास लागतो. ऑस्ट्रियात दहा दिवसांचा पास मिळतो, अगदी एका दिवसाचाही मिळतो. इथे वर्षाचाच घ्यायचा, मग तुम्ही नुसते चार तास त्यांच्या देशातून पलीकडे जाणार असाल तरी. वर ते वर्ष चौदा महिन्यांचं असतं, आदल्या 1 डिसेंबरपासून पुढच्या 31 जानेवारीपर्यंत. हे ऐकून आई खूश झाली. "दोन महिने फुकट देतात की मग!" म्हणाली.

आई गेल्या वर्षी पहिल्यांदाच आमच्याबरोबर आली. ती महाडची, म्हणजे मुंबई-गोवा महामार्गावर आयुष्य काढलेली बाई. रस्त्यावर थांबणं तिला नवीन नाही. पण तिची थांबण्याची कल्पना अशी, की समोर खड्डा, उलटलेला ट्रक किंवा मंत्री असला पाहिजे. गोट्टहार्डच्या बोगद्याअलीकडे तिला यातलं काहीच दिसेना.

"अरे, रस्ता तर लोण्यासारखा आहे. मग गाडी का उभी?"

"पुढे बोगदा आहे, आई."

"मग उभंच राहायचं तर एवढा गुळगुळीत कशाला केलाय?"

तर हा बोगदा. 16.9 किलोमीटर लांब, 1980 साली उघडला. त्यात एक लेन जायची, एक यायची, मध्ये भिंत नाही, ओव्हरटेक नाही, वेग ऐंशी. 2001 मध्ये दोन ट्रकची आत टक्कर होऊन आग लागली, 11 माणसं गेली. तेव्हापासून ट्रक आत थेंबाथेंबानं सोडतात. त्याबद्दल तक्रार करायला तोंड उघडत नाही. पण सुट्टीच्या दिवशी बोगद्याच्या तोंडाशी असलेल्या गोशेनेन गावापासून मागे गाड्यांची रांग लागते आणि तिचं गणित प्रत्येक जर्मन मुलाला पाढ्यांच्या आधी येतं: एक किलोमीटर रांग म्हणजे दहा मिनिटं. रेडिओवरची बाई "बारा किलोमीटर" असं ज्या शांतपणे सांगते, त्या शांतपणे आमच्या आकाशवाणीवर फक्त बाजारभाव सांगायचे.

त्याच बातमीत ती सान बर्नार्दिनोच्या घाटानं जायचा सल्लाही देते. हा सल्ला सगळेच ऐकतात, त्यामुळे थोड्या वेळानं तिकडचीही रांग जाहीर होते. आमच्याकडे 'गोट्टहार्ड की सान बर्नार्दिनो' हा वाद आदल्या रात्री सुरू होतो. मी गोट्टहार्डवाला. बायको सान बर्नार्दिनोवाली, आणि गोट्टहार्डला अडकलो की ती काही बोलत नाही, नुसती फोनवर दुसऱ्या घाटाची स्थिती बघते आणि हुंकार देते. त्या हुंकारापेक्षा बारा किलोमीटर परवडले.

आता एक चांगली बातमी अशी की दुसरा बोगदा खोदणं चालू आहे आणि 2030च्या सुमारास तो उघडेल. मी हे आईला मोठ्या उत्साहानं सांगितलं. पुढचं सांगताना मात्र माझाच आवाज बसला. बोगदे दोन होतील, पण प्रत्येकातून लेन एकच चालवणार. आल्प्समधून जाणाऱ्या रस्त्यांची क्षमता वाढवायची नाही, असं स्विस लोकांनी 1994 मध्ये मत देऊन ठरवलेलं आहे. म्हणजे सुरक्षितता वाढेल आणि रांग तशीच राहील. आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आमच्याकडे निदान होणार होणार म्हणून आशा तरी असते."

बोगद्याच्या अलीकडे वास्सेन नावाचं गाव आहे. तिथलं पांढरं चर्च रेल्वे प्रवाशांत फार प्रसिद्ध आहे, कारण जुनी रेल्वे डोंगरातून वळसे घेत चढते आणि ते चर्च तीनदा दिसतं, दर वेळी वेगळ्या उंचीवरून. आम्हाला ते एकदाच दिसतं. पण तासभर. त्याच्या घड्याळाचे काटे फिरताना आम्ही प्रत्यक्ष पाहिले आहेत. कोणी चलाखी करून हायवे सोडून गावातून पुढे घुसू नये म्हणून गर्दीच्या दिवशी तिथले पुन्हा वर चढायचे रस्तेही बंद ठेवतात. तेव्हा शांतपणे बसायचं. पुढची डच मंडळी कॅरव्हॅनमागे खुर्च्या टाकायच्या बेतात होती. डावीकडे एक काका शर्ट काढून बॉनेटला टेकले होते. मुलांनी मागे एकमेकांना चिमटे काढायला सुरुवात केली.

आईनं पायाशी ठेवलेली पिशवी उघडली. आदल्या दिवशी शेतावरून दोन किलो मटार आणला होता. तो तिनं मुलांच्या मांडीवर वाटून दिला आणि सोलायला लावला. रांग दहा मीटर पुढे सरकायची, दाणे डब्यात पडायचे. शेजारच्या गाडीतली एक जर्मन आजी काच खाली करून बघत होती. आईनं तिला ओंजळभर शेंगा दिल्या. ती आजीही सोलायला लागली, आणि सोललेले दाणे तिनं प्रामाणिकपणे परत केले. बोगद्याच्या तोंडाशी पोचलो तेव्हा दोन्ही किलो संपला होता आणि सालांची पिशवी टम्म झाली होती. आत तेरा मिनिटं लागली. तेरा मिनिटांसाठी दोन तास. पलीकडे ऊन होतं, हे मान्य करायलाच हवं. अलीकडे पाऊस, पलीकडे ऊन, हे तिथे इतकं नेहमीचं आहे की त्याचं कोणी कौतुकही करत नाही.

"ह्याच्या खालून आगगाडी जाते ना?" आईनं विचारलं. जाते. 57 किलोमीटरचा बोगदा आहे, 2016 पासून. पण आगगाडीतून गवत कापायचं मशीन, मिक्सर, दहा किलो तांदूळ आणि बाथरूमच्या दोन टाइल्स नेता येत नाहीत, आणि आमच्या गावाला स्टेशन नाही.

इटलीत शिरलं की मिलानच्या अंगानं जाऊन मग दक्षिणेला वळायचं. या रस्त्यावर शिरताना मशीनमधून तिकीट घ्यायचं आणि बाहेर पडताना दाखवून पैसे भरायचे. तिकीट हरवलं तर जितक्या लांबून येता येईल तितक्या लांबच्या नाक्यापासूनचे पैसे लावतात. म्हणून मी ते तिकीट बायकोकडे देतो, आणि बायकोनं ते मधल्या खणात ठेवलं.

नोव्हारा मागे पडलं आणि आई एकदम सरळ होऊन बसली. दोन्ही बाजूंना भातखाचरं. पाण्यानं भरलेली, बांध घातलेली, पार क्षितिजापर्यंत. बगळेसुद्धा. युरोपातला सगळ्यात मोठा भाताचा पट्टा हाच, आणि त्याला पाणी पुरवणारा कावूर कालवा 1860च्या दशकात खणलेला. मी हे सांगत होतो, पण तिचं लक्ष नव्हतं. "लावणी झाली का नाही यांची? माणसं कुठायत?" पूर्वी इथेही मे-जूनमध्ये बायका गुडघाभर पाण्यात वाकून लावणी-बेणणी करायच्या, आता पेरणी यंत्रानं थेट होते. आईला ते अजिबात पटलं नाही. लावणी न करता कसला भात, असं तिनं दोन-तीनदा ऐकवलं. पुढचा अर्धा तास माझ्या गाडीत इटलीच्या कृषिखात्याची हजेरी घेतली गेली.

आमच्या नाक्यावर पिवळी लेन टाळली, ती खास उपकरण लावलेल्या गाड्यांची. कार्डाच्या निळ्या लेनमध्ये शिरलो, काच खाली केली, हात पुढे केला. बायको खण उचकते आहे. खण रिकामा.

"इथले कागदाचे कपटे?" आई मागून म्हणाली. "ते मी आवरून टाकले. दुकानाची पावती वाटली मला."

कुठे टाकले हे विचारायची गरज नव्हती. पुढची काही मिनिटं आम्ही दोघं, कोपरापर्यंत, मटारच्या सालांत. मागे तीन गाड्या, तिन्ही भोंग्यांचा सूर वेगळा. मशीनमधली बाई आर्जवी आवाजात तिकीट घाला, तिकीट घाला म्हणते आहे. तिकीट सापडलं, एका बाजूनं हिरवं. मशीननं ते थुंकलं, पुन्हा थुंकलं, बायकोनं ते ओढणीनं पुसलं, मग कुठे गिळलं. मुलं इतकी हसली की त्या एका प्रसंगावर तो सगळा प्रवास त्यांनी आम्हाला माफ करून टाकला.

घर कसं आहे? छान आहे. इथल्या पिवळसर दगडाचं आहे, त्या दगडात कधीकधी शिंपल्याचे तुकडे दिसतात, कारण कोट्यवधी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता. (समुद्राबद्दल विचारणाऱ्यांना मी आता हेच सांगतो.) खाली खडकात कोरलेलं तळघर आहे, बाटल्या ठेवायला. सध्या त्यात रंगाचे डबे आहेत. विकत घेतलं तेव्हा वारसांपैकी एक अर्जेंटिनात निघाला, आणि बाजूच्या जमिनीच्या तुकड्यावर शेजारच्या शेतकऱ्याचा खरेदीचा पहिला हक्क निघाला. मी कोकणातला असल्यामुळे मला यात परकं असं काहीच वाटलं नाही. नोटरीनं अख्खं खरेदीखत पोथीसारखं मोठ्यानं वाचून दाखवलं, आम्ही मधूनमधून मान डोलावली.

खरी मौज वीज. इथल्या घरांना सर्वसाधारणपणे तीन किलोवॉटचं कनेक्शन असतं. याचा अर्थ किटली चालू असताना ओव्हन लावायचा नाही, ओव्हन लावला तर वॉशिंग मशीन नाही, आणि केस वाळवायचे असतील तर घरातल्या सगळ्यांशी आधी चर्चा करायची. मर्यादा ओलांडली की मीटर पडतो. मीटर घरात नाही, फाटकाबाहेर गल्लीत पेटीत आहे. पहिल्याच संध्याकाळी आईनं मटारभात राइस कुकरला लावला, बायकोनं गीझर, मुलीनं ड्रायर, आणि मी विजेरी घेऊन गल्लीत. समोरचे आजोबाही त्यांच्या पेटीपाशी होते, लेंग्यात. आम्ही एकमेकांना "बोनासेरा" म्हणालो. आमची गाढ मैत्री झाली ती अशीच. कनेक्शन वाढवून मिळतं, पण मग बिल वाढतं, आणि मुक्काम कायमचा नसल्यानं आमचं बिल मुळातच चढं आहे.

टॅक्सचीही तीच गत. राहत्या घराला इथे घरपट्टी माफ, सुट्टीच्या घराला नाही. 16 जून आणि 16 डिसेंबर अशा दोन तारखा, आणि ती किती भरायची ते आपणच काढून भरायचं. पुण्यात महापालिका निदान बिल तरी पाठवते.

पण मला हरवलं ते कचऱ्यानं. ओला, कागद, काच, प्लास्टिक आणि उरलेला, असा पाच प्रकारचा कचरा, प्रत्येकाचा वार ठरलेला, आदल्या रात्री बादली बाहेर ठेवायची. सालं परसात गाडली. कागद जाळायचा नाही, तो शेजारच्या आजोबांनी त्यांच्यात घेतला. प्लास्टिक बुधवारी जातं. आम्ही रविवारी निघतो. तीन दिवस बादली बाहेर ठेवली तर गावात नाव खराब होतं, आणि त्या गावात नाव लगेच होतं. त्यामुळे एक मोठी पिवळी पिशवी प्लास्टिक घेऊन आम्ही परत निघतो. कियास्सोच्या नाक्यावर स्विस कस्टमवाल्यानं ती पाहिली.

"यात काय आहे?"

"कचरा."

"कुठे नेताय?"

"जर्मनीला."

त्यानं पिशवीकडे पाहिलं, गाडीच्या नंबरप्लेटकडे पाहिलं, मागच्या सीटवर जपमाळ ओढणाऱ्या आईकडे पाहिलं आणि हातानंच 'जा' केलं. पुढे उत्तरेकडच्या रांगेचे किलोमीटर किती, तेही स्वतःहून सांगितलं. सभ्य माणूस.

आता परवा पुण्याच्या एका मित्राचा मेसेज आला. ऑगस्टमध्ये कुटुंबासह युरोपला येतोय, तुमचं ते इटलीतलं घर रिकामं असेल तर चार दिवस राहू का? मी मनापासून हो म्हटलं. त्याला सोयीचं पडावं म्हणून सूचनाही लिहून पाठवल्या: पाण्याचा मुख्य नळ तळघरात, तो उलटा फिरतो, किटली आणि ओव्हन एकत्र नको, मीटरची पेटी गल्लीत डावीकडून दुसरी, 15 ऑगस्टच्या आसपास बरीचशी दुकानं बंद, दूध आधी आणून ठेव, गावाच्या जुन्या भागात गाडी घालू नकोस, कॅमेरे आहेत, दंड पुण्याच्या पत्त्यावरही येऊ शकतो, कचऱ्याचे वार सोबत जोडले आहेत, माळ्यावर रात्री पळापळ ऐकू आली तर ते झाडावरचे मोठे उंदीर आहेत, कायद्यानं संरक्षित आहेत, काही करू नकोस.

दोन दिवस काही उत्तर नाही. मग आलं. ते लोणावळ्याला बंगला घेऊन राहणार होते, या वर्षी आराम करायचा असं ठरलं होतं म्हणे. शनिवारी सकाळी निघाला. दुपारी चार वाजता त्यानं फोटो पाठवला. घाटात, बोगद्याअलीकडे, मागच्या दिव्यांची रांग.

मी लगेच फोन करून विचारलं, गाडीत मटार आहे का.