‘दोन्ही एकाच कंपनीचे, बिनधास्त अपग्रेड करा’? जरा थांबा

“ॲक्सेस आणि एसक्यूएल सर्व्हर दोन्ही मायक्रोसॉफ्टचेच. नवे टाका, जुनं सगळं चालतं. ६४-बिटच घ्या, वेग वाढतो. नाहीच जमलं तर बॅकअप आहेच, जुन्यावर परत या.” ग्रुपांवर फिरणारा हा सल्ला छोट्या ऑफिसांचा डेटाबेस सांभाळणाऱ्यांनी तसाच उचलू नये. (ॲक्सेस म्हणजे ऑफिसच्या संगणकावरचा छोटा डेटाबेस प्रोग्रॅम; एसक्यूएल सर्व्हर म्हणजे त्यामागे डेटा साठवणारा मोठा डेटाबेस.)

कंपनी एक असली म्हणून जुनं चालतंच असं नाही. ॲक्सेस २०१३पासून ॲक्सेस ९७च्या फायली उघडतच नाहीत. आधी २०१०सारख्या आवृत्तीत नेऊन त्या बदलून घ्याव्या लागतात. थेट सर्व्हरशी जोडलेले ‘एडीपी’ प्रकारचे ॲक्सेस प्रोजेक्टही २०१३मध्येच बंद झाले.

६४-बिटचं म्हणाल, तर ॲक्सेसच्या फायलीची २ जीबीची मर्यादा तिथेही तीच. उलट जुन्या कोडमध्ये विंडोजची फंक्शन्स बोलावणाऱ्या ‘डिक्लेअर’ ओळींना ‘पीटीआर-सेफ’ हा शब्द जोडावा लागतो, ३२-बिटवर बनवलेली एसीसीडीई (कोड कुलूपबंद केलेली ॲक्सेस) फाइल उघडत नाही आणि ॲक्सेसला सर्व्हरशी जोडणारा ओडीबीसी ड्रायव्हरही ६४-बिटच लागतो. (विंडोजमध्ये ६४-बिटचं ओडीबीसी टूल ‘सिस्टिम३२’ फोल्डरमध्ये आणि ३२-बिटचं ‘सिसवाऊ६४’मध्ये. ही नावं कुणी ठेवली देव जाणे.)

ड्रायव्हरबद्दल तो सल्ला चकार शब्द काढत नाही. ओडीबीसी ड्रायव्हर १८ न सांगताच कनेक्शन एन्क्रिप्ट (सांकेतिक) करायला बघतो. सर्व्हरची ओळख पटवणारं सर्टिफिकेट घरगुती (सेल्फ-साइन्ड) असेल तर कालपर्यंत उघडणारी लिंक टेबलं (ॲक्सेसमधून दिसणारी सर्व्हरवरची टेबलं) आज एरर देतात. विंडोजसोबत येणारा जुना ड्रायव्हर ठेवला, तर ‘डेटटाइम२’ प्रकारच्या तारखा ॲक्सेसला मजकूर म्हणून दिसतात.

सर्वांत घातक वाक्य शेवटचं. डेटाबेस नव्या सर्व्हरवर चढला की फायलीची आतली रचनाच नव्या आवृत्तीची होते. एसक्यूएल सर्व्हर २०२२वर घेतलेला बॅकअप २०१६वर रिस्टोअर होत नाही. कंपॅटिबिलिटी लेव्हल (डेटाबेसने कोणत्या आवृत्तीसारखं वागायचं ते ठरवणारी सेटिंग) खाली आणली तरी नाही. त्या लेव्हलचा उपयोग वेगळा: क्वेरीतून किती ओळी येतील याचे अंदाज बांधायची सर्व्हरची पद्धत २०१४च्या आवृत्तीपासून बदलली, त्यामुळे सुरुवातीला जुनी लेव्हल ठेवून रिपोर्ट तपासावेत, मग वाढवावी. पण ती परतीचं तिकीट नव्हे. जुन्या सर्व्हरवर चढतो तो फक्त अपग्रेडआधीचा बॅकअप. शनिवारी रात्री बदल केला आणि बुधवारी सकाळी दोष सापडला, तर सोमवार-मंगळवारच्या पावत्या त्यात नसतात. त्या नव्यातून उपसून जुन्यात भराव्या लागतात. म्हणून आधी दुसऱ्या मशीनवर प्रत चढवा आणि महिनाअखेरचे सगळे रिपोर्ट तिथे काढून बघा.