किटलीतल्या थरासाठी टीसीएल आणि ॲसिड एकत्र करू नका

परभणीच्या आमच्या आत्याबाईंनी मोबाइलवर फिरणारा एक संदेश मला पाठवला आणि खाली विचारले, "टीसीएल घरात आहेच, करून बघू का?" बोअरच्या पाण्याने विजेच्या किटलीत आणि कुकरमध्ये चढलेला पांढरा थर काढण्यासाठी संडास धुण्याचे ॲसिड आणि टीसीएल समप्रमाणात घालून पाणी उकळावे, असा त्या संदेशाचा सल्ला आहे. शिवाय तुरटीने पाण्यातला क्षार जातो, खायचा सोडा आणि व्हिनेगरने थर निघतो आणि कठीण पाण्याने मूतखडा होतो, हेही त्यात कोंबलेले आहे.

टीसीएल म्हणजे ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती ब्लीचिंग पावडर. संडासच्या ॲसिडमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल असते आणि ही दोन्ही एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो. हाच वायू २२ एप्रिल १९१५ रोजी जर्मन सैन्याने बेल्जियममध्ये ईप्र येथे शत्रूवर सोडला होता. तो हवेपेक्षा जड असल्यामुळे खाली साचतो, म्हणजे बंद स्वयंपाकघरात फरशीवर खेळणाऱ्या लेकराच्या नाकाशी, आणि संदेश लिहिणारा महाभाग वरून ते मिश्रण उकळायला सांगतो! ॲसिडने थर विरघळतो, एवढे मान्य करावे लागते. पण ते किटलीच्या स्टीललाही खड्डे पाडते आणि ॲल्युमिनियमचा कुकर तर खातेच. टीसीएलचा येथे काडीचाही उपयोग नाही, कारण ती चुन्यापासूनच बनते आणि आपल्याला काढायचा आहे तो थरही मुख्यतः कॅल्शियमचाच.

तुरटीने गढूळ पाण्यातला गाळ खाली बसतो, विरघळलेला क्षार जात नाही. सोडा आणि व्हिनेगर एकत्र केले की फेस भरपूर येतो, परंतु दोघे एकमेकांनाच निकामी करतात.

"२०० च्या वरचे पाणी म्हणजे मूतखडा" हे वाक्य मात्र लोकांना घाबरवण्यासाठीच लिहिलेले दिसते. भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस १०५०० या मानकाच्या २०१२ च्या आवृत्तीत एकूण कठीणपणाची, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांची, स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे हे खरे. पण दुसरा स्रोत नसल्यास तेच मानक ६०० पर्यंत मुभा देते, आणि उन्हाळ्यात मराठवाड्यातल्या किती गावांना दुसरा स्रोत असतो? १९९१ च्या आवृत्तीत कठीणपणाच्या मर्यादेमागचे कारणही दिलेले होते: पाणीपुरवठ्याच्या यंत्रणेत थर बसणे आणि घरगुती वापरात अडचण येणे. मूतखड्याचा तेथे उल्लेख नाही.

आत्याबाईंना मी किराणा दुकानातले लिंबूसत्त्व आणायला सांगितले आहे. लिटरभर पाण्यात दोन चमचे घालून किटलीत उकळावे, प्लग काढून अर्धा तास तसेच ठेवावे, पाणी ओतून देऊन किटली दोनदा धुवावी आणि नंतर एकदा साधे पाणी उकळून फेकावे. थर जाड असेल तर हेच पुन्हा करावे. चाकूने खरवडू नये.